हप्ता त्यांचा, घरखर्च तुमचा: ही वाटणी तपासायची कशी?

तुमचा प्रश्न सविस्तर आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कांदिवलीला राहता. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगा पहिलीत आहे, सासूबाई तुमच्याबरोबर असतात. तुमच्या हातात महिन्याला 52,000 रुपये येतात. यजमानांना 85,000 च्या आसपास मिळत असतील असा तुमचा अंदाज आहे. फ्लॅटचा 31,000 चा हप्ता आणि सोसायटीचा 4,000 मेंटेनन्स ते भरतात. फ्लॅट त्यांच्या आणि सासूबाईंच्या नावावर आहे. शाळेची फी, स्कूलबस, किराणा, भाजी, दूध, बाई, वीज, गॅस, इंटरनेट, सासूबाईंची औषधं हे सगळं तुम्ही बघता. विषय काढला की “हप्ता कोण भरतं?” हा एकच प्रश्न येतो आणि बोलणं तिथंच संपतं. शेवटी तुम्ही विचारलंय, “मी पैशांवरून कटकट करणारी बायको झालेय का?”

नाही, झालेल्या नाहीत. हे आधीच सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका याच ओझ्याखाली येतात. दादरला मी बरीच वर्षं पती-पत्नींचं समुपदेशन करते. मारहाण किंवा बाहेरचे संबंध यांबद्दल लोक निदान कोणाशी तरी बोलतात. पण कमावत्या बाईनं “नवरा खर्चात वाटा उचलत नाही” असं म्हटलं की माहेरचेसुद्धा म्हणतात, “तुला काय कमी आहे? दोघं कमावताय की!” आणि ती गप्प बसते.

तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. ते काहीच देत नाहीत असं नाही, 35,000 देतात. पण त्यांचा पगार, त्यांची कर्जं, त्यांची बचत यांतलं तुम्हाला खात्रीनं काहीच माहीत नाही. शिवाय तुमचे पैसे महिनाअखेर संपतात आणि त्यांच्या पैशातला काही भाग फ्लॅटच्या रूपानं साठतो, त्या फ्लॅटवर तुमचं नाव नाही. आणि ही वाटणी दोघांनी बसून कधी ठरवलेलीच नाही, ती पडत गेली आहे. “ते निम्मं का देत नाहीत?” यापेक्षा हे तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. निम्म्याच्या मागे लागलात तर वाद 500-1,000 रुपयांवर येतो आणि मुख्य गोष्ट बाजूला राहते.

आता तुमचेच आकडे घेऊ. तुम्ही दिलेल्या यादीची बेरीज 42,000 होते. म्हणजे तुमच्या पगारातले दर शंभरातले 81 रुपये घरात जातात. त्यांचे 35,000 म्हणजे, पगाराचा तुमचा अंदाज बरोबर असेल तर, शंभरातले 41. घराचा एकूण खर्च 77,000. तो पगाराच्या प्रमाणात वाटला तर तुमच्याकडे साधारण 29,200 येतात आणि त्यांच्याकडे 47,800. सध्या तुम्ही महिन्याला जवळजवळ 12,800 रुपये जास्त भरताय. दोघांचे पगार वेगळे असताना मी निम्म्या-निम्म्या वाटणीचा सल्ला देत नाही. निम्मं वरवर न्यायाचं दिसतं, पण कमी पगार असलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही.

इथे ते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की हप्ता हासुद्धा घराचाच खर्च आहे. भाड्यानं राहिला असता तर भाडं भरावं लागलंच असतं. हा वाद माझ्यासमोर इतक्या वेळा झाला आहे की मी आता बँकेचं कागदपत्रच मागवते. हप्त्याचे दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. व्याज गेलं ते गेलं, ते भाड्यासारखं आहे, त्याला घरखर्च म्हणायला हरकत नाही. मुद्दल फेडलं जातं तेवढी त्या फ्लॅटमधली मालकाची मालमत्ता वाढते, म्हणजे ती बचत झाली. कर्ज नवं असताना हप्त्यात व्याजच जास्त असतं आणि जसजशी वर्षं जातात तसतसं मुद्दल वाढत जातं. बँक दरवर्षी व्याजाचा दाखला देते, त्यात दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले असतात. तो दाखला मागा. “हप्ता कोण भरतं?” या प्रश्नाला त्याच्याइतकं शांत उत्तर दुसरं नाही.

आणि मालकीचं स्पष्टच सांगते. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोची आपोआप निम्मी मालकी होत नाही. गोव्यात तिथल्या नागरी कायद्यामुळे वेगळी व्यवस्था आहे, मुंबईत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 नुसार तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये हेही स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सुनेचं ‘सामाईक घर’, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं असेल तर तीही मालकी नव्हे. “नॉमिनी केलंय ना तुला” या वाक्यावर कितीतरी बायका निश्चिंत राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी फक्त तुमची बाजू ऐकली आहे, तुमचे यजमान असे का वागतात हे इथून मला सांगता येणार नाही. पण कारण कोणतं यावर पुढचं पाऊल अवलंबून आहे, म्हणून नेहमी दिसणारी कारणं सांगते.

काही घरांत निव्वळ सवय असते. आईनं घर चालवलेलं पाहिलेलं असतं, म्हणून घर बाईनं चालवायचं हे मनात पक्कं बसलेलं असतं. फक्त आईच्या हातात वडिलांचं पगाराचं पाकीट यायचं, हे विसरलं जातं. एका जोडप्याबरोबर सासूबाई आल्या होत्या, लालबागला चाळीत संसार केलेल्या. मला वाटलं, मुलाची बाजू घेतील. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “तुझे बाबा दहा तारखेला पाकीट माझ्या हातात ठेवायचे. मी घर चालवलं ते त्यांच्या पगारातनं. ही चालवते ती स्वतःच्या.” त्या एका वाक्यानं माझं महिन्याभराचं काम झालं. म्हणून सांगते, सासूबाईंना आधीच विरोधी पक्षात बसवू नका. त्यांची औषधं तुम्ही आणता हे त्यांना दिसत असतंच.

काहींना महिन्याचा खर्च किती येतो हे खरंच माहीत नसतं. आणि काहींचे पैसे अशा ठिकाणी जात असतात जे सांगायची त्यांना लाज वाटते. ठाण्याचं एक जोडपं आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नवरा हाताची घडी घालून बसला होता. बायकोनं यूपीआयच्या व्यवहारांचा छापील कागद टेबलावर ठेवला, घरखर्चाच्या ओळींवर पिवळी रेघ ओढलेली. भाजीवाला 180, दूध 96, मेडिकल 640, परत भाजीवाला 95, झेरॉक्स 30, वह्या 410. पानामागून पान पिवळं. तो ते बोटानं वाचत खाली गेला, मग दुसरं पान उलटलं आणि म्हणाला, “हे रोजचं आहे?” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानं सांगितलं की गावाकडच्या भावाच्या पतपेढीच्या कर्जाला तो जामीन होता, भावानं हप्ते थांबवले आणि तीन वर्षं तो महिन्याला 20,000 भरत होता. बायको रागावेल म्हणून बोलला नव्हता. ती रागावलीच. पण त्या दिवसानंतर दोघं एकाच कर्जाबद्दल बोलत होते.

अलीकडे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे भावाच्या चढ-उतारावर लावलेल्या सौद्यांचं, नुकसान असंच लपवलेलं सापडतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपचे हप्ते, क्रिकेटवरचा सट्टा हेही असतं. तुमच्या यजमानांचं असंच काही आहे असं मी म्हणत नाही. पण पगार 85,000, खर्च 35,000 आणि तरीही “माझ्याकडे काही उरत नाही” असं उत्तर येत असेल, तर उरलेले 50,000 कुठे जातात हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि काही घरांत पैसा हे धाक ठेवण्याचं साधन असतं. त्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तिथे सल्ला वेगळा लागतो.

बोलायचं कसं? रात्री साडेनऊला दोघंही लोकलमधून दमून आल्यावर हा विषय काढू नका. मुलासमोर नको, सासूबाईंसमोर पहिल्यांदा तरी नको. रविवारी सकाळी, मुलगा खाली खेळायला गेलेला असताना बसा. त्याआधी एका पूर्ण महिन्याचा खर्च लिहून ठेवा, बँकेच्या आणि यूपीआयच्या व्यवहारांवरून तो सहज निघतो. सुरुवात तक्रारीनं करू नका. असं काहीसं म्हणा: “आपल्या घराला महिन्याला 77,000 लागतात. त्यातले 42,000 माझ्याकडून जातात. मला पुढच्या पाच वर्षांचं ठरवायचंय आणि त्यासाठी दोघांचे पूर्ण आकडे समोर हवेत. मी माझे आणलेत.” तुमची सॅलरी स्लिप, तुमचा पीएफ, तुमची आरडी आधी तुम्ही ठेवा. पहिल्या बैठकीत एकच गोष्ट मागा, त्यांचे आकडे. पैसे मागू नका. दोन्ही एकदम मागितलं की माणूस पैशांवरच भांडतो आणि आकडे झाकलेलेच राहतात.

आकडे समोर आले की मग वाटणी. महिन्याला 12,800 तुमच्या खात्यात पाठवा, असं मी सुचवत नाही. त्यात दर महिन्याला तुम्ही मागणाऱ्या आणि ते देणारे होता, आणि आठवण करून देण्याचं कामही तुमच्याच गळ्यात पडतं. त्याऐवजी एखादा अख्खा खर्च त्यांच्याकडे जाऊ द्या. तुमच्या यादीत शाळेची फी आणि बस मिळून 9,500 आहेत, औषधं 2,500. दोन्ही मिळून 12,000, म्हणजे फरकाच्या अगदी जवळ. शाळेच्या नोंदीत त्यांचा मोबाइल नंबर द्या, बसवाल्याचा मेसेज त्यांना येऊ द्या, औषधं त्यांनी आणू द्या. फी भरायची तारीख लक्षात ठेवणं हासुद्धा खर्चाचाच भाग आहे आणि तो आजवर तुम्ही एकटीनं वाहिलाय. किराणा आणि दूध मात्र सुरुवातीला सोपवू नका. तिथे चालढकल झाली तर उपाशी मूल आणि म्हातारं माणूस राहतं, आणि मग तुम्हीच धावता.

दुसरा मार्ग म्हणजे घरखर्चाचं संयुक्त खातं. पगाराच्या दिवशी दोघांच्या खात्यांतून ठरलेली रक्कम आपोआप तिथे जाते आणि घराचं सगळं तिथूनच होतं. बाकीचे पैसे ज्याचे त्याच्याकडे, त्याबद्दल कोणी कोणाला विचारायचं नाही. बऱ्याच घरांत हे छान चालतं. फक्त त्या खात्यात महिन्याच्या खर्चाएवढीच रक्कम ठेवा, कारण दोघांपैकी कोणीही ते रिकामं करू शकतं. तुमच्या बाबतीत मी आधी खर्च सोपवायचा मार्ग घेईन. संयुक्त खात्याला थोडा विश्वास आधी लागतो.

फ्लॅटचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीसाठी ठेवा, पण सोडू नका. महाराष्ट्रात राहतं घर पतीनं पत्नीला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, म्हणजे ते आपला काही हिस्सा तुमच्या नावे करू शकतात. इतर शुल्कं आणि नोंदणीचं वकिलाकडून समजून घ्या. कर्ज चालू असल्यामुळे बँकेची परवानगी लागेल. पुढेमागे ते म्हणाले, “हप्त्यात तूही भर घाल,” तर आधी मालकीत नाव, मग हप्ता. मालकीत नाव नसताना हप्ता भरलात तर गृहकर्जावरची आयकर सवलतही तुम्हाला मिळत नाही. नाव लावायला त्यांची ठाम ना असेल तर तेही चालेल, पण मग तुमच्या पैशातूनही काहीतरी साठायला हवं, तुमच्या नावावर.

यावर मी ठाम आहे. ते काहीही म्हणोत, पुढच्या पगारापासून तुमची बचत आधी बाजूला काढा. पाच हजारांची का होईना, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आरडी, पीपीएफ किंवा एसआयपीला जाऊ द्या, आणि घर उरलेल्यात चालवा. लपवून करू नका, सांगून करा: “पुढच्या महिन्यापासून माझ्याकडून घराला 37,000 मिळतील.” आजवर घरात पैसे कमी पडलेच नाहीत, कारण कमी पडायच्या आधी तुम्ही भरत होता. तुमच्या यजमानांना खरंच वाटत असेल की सगळं सुरळीत चाललंय. घरखर्चासाठी क्रेडिट कार्डावर थकबाकी किंवा पर्सनल लोन अजिबात घेऊ नका. आणि त्यांच्या कोणत्याही कर्जावर सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही करण्याआधी, दागिने तारण ठेवायला देण्याआधी, कर्जाचे सगळे कागद वाचा. वाचायला दिले नाहीत तर सही करू नका.

इथपर्यंतचं सगळं दोघांत बोलणं शक्य आहे असं धरून लिहिलं. पुढचं तुम्हाला लागू नसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण वाचणाऱ्यांत कोणालातरी ते लागू असेल.

पगार नवऱ्याच्या खात्यात वळवायला लावणं, एटीएम कार्ड काढून घेणं, भांडण झालं की किराण्याचे किंवा औषधाचे पैसे बंद करणं, नोकरी सोडायला भाग पाडणं, स्त्रीधन विकणं, हिशेब विचारला म्हणून हात उगारणं यांना मी खर्चाचा वाद म्हणत नाही. 2005 च्या कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्याखाली घरखर्चासाठी पैशांचा आदेश मागता येतो. पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. बाई कमावते म्हणून तिचा दावा आपोआप फेटाळला जात नाही, न्यायालय दोघांचं उत्पन्न आणि मुलांच्या गरजा बघतं. आणि नोव्हेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. घरात जे आकडे कधी दाखवले गेले नाहीत, ते तिथे शपथेवर मांडावे लागतात.

अशा परिस्थितीत रविवारची बैठक वगैरे करू नका, आणि बचतही सांगून करू नका. आधी सुरक्षितता. स्वतःचं खातं वेगळ्या बँकेत, त्याचे मेसेज आणि ईमेल फक्त तुम्हाला येतील असं, आणि कागदपत्रांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबईतच त्यांची सुरुवात केली. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात आणि गेल्याबरोबर तक्रार नोंदवायलाच हवी असं नसतं. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक 15100.

एक बाजू राहिली. बायको कमावते पण घरात एक रुपया देत नाही, अशी तक्रार घेऊन नवरेही येतात, आणि त्यांना मी हेच सांगते. आकडे दोघांचे, वाटा पगाराच्या प्रमाणात. फक्त तिथे स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं दवाखान्यात नेणं-आणणं कोण करतं हेही त्याच कागदावर लिहायला लावते. तुमच्या कागदावरही ते लिहा. संध्याकाळी सातनंतरची तुमची कामं त्यांच्या समोर येऊ द्या.

पहिल्या बैठकीत ते चिडून उठून गेले तर मागे लागू नका. कागद तिथेच राहू द्या, आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदाही पगाराचा आकडा सांगायला तयार नसतील, तर तिसऱ्या माणसाची गरज आहे असं समजा. तो माणूस दोघांनाही मानवणारा हवा, तुमचा भाऊ किंवा त्यांची बहीण नको. समुपदेशनाला यायला ते नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या जा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त प्रकरणं एका माणसापासूनच सुरू होतात, आणि दुसरा पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या खेपेला, आपल्याबद्दल तिथे काय बोललं जातंय हे ऐकायला का होईना, येतो. जाताना तो महिन्याचा कागद आणि बँकेचा व्याजाचा दाखला बरोबर घ्या. दाखला मिळाला नसेल तर तुमची स्वतःची सॅलरी स्लिप आणि खात्याचं स्टेटमेंट सुरुवातीला पुरेसं आहे.